तिसरं तिकीट

कागदावर तिचं नाव थिसलमूर सायलेंट बेल.
घरी पिंट.
ग्लेनिसबाई पिंटची इकारान्त लांबण लावून हाक मारतात
आणि पिंट येत नाही.
ती येते फ्रिजचं दार उघडल्यावर.

पहाटे ब्रेकनहून मालव्हर्नच्या रस्त्याला
व्हॅन मी चालवते. बाईंना मोतीबिंदू,
मला परवाना. आमची मैत्री एवढ्यावर सुरू झाली.
मागे पिंजरा, घडीची खुर्ची, थर्मास,
आणि माझ्या कोटाच्या खिशात भाजलेल्या कलेजीचे तुकडे,
ज्यांचा वास सोमवारच्या देवपूजेपर्यंत
बोटांना राहतो.

रिंगणाच्या कडेला बाई गणित समजावतात,
दरवर्षी, नव्यानं:
तीन तिकिटं हवीत,
तीन वेगळ्या परीक्षकांच्या हातची,
तेव्हा कुठे नावाआधी चॅम्पियन लागतं.
पिंटची दोन झालीत.
दुसरं मिळालं तेव्हा बाईंचे यजमान होते.

शेजारच्या बाकावर फिनलंडचा यार्क्को.
त्याच्या कुत्रीचं नाव पदव्यांसकट
कॅटलॉगात दोन ओळी खातं.
आंतरराष्ट्रीय व्हायला, तो सांगत होता, चार प्रमाणपत्रं, तीन देश,
आणि पहिल्या-शेवटच्यात
एक वर्ष अन् एक दिवस.
वरचा एक दिवस कशाला?
त्यानं खांदे उडवले.
पण तुमच्या इथे, म्हणाला, ते काहीच धरत नाहीत. पुन्हा शून्यापासून.

तिथली चॅम्पियन. इथे नुसती कुत्री.
मी हसले,
आणि हसू घशातच आडवं झालं.

परभणीच्या कॉलेजातून मी डॉक्टर झाले
ती जनावरांचीच.
कोपरापर्यंत हात घालून
म्हशीच्या पोटात अडकलेलं वासरू फिरवलंय मी,
कंदिलाच्या उजेडात,
मालक गोठ्याबाहेर नवस बोलत असताना.
इथे रॉयल कॉलेजच्या परीक्षेला दोनदा बसले.
दोनदा पत्र आलं. विनम्र, पातळ.
आता एका दवाखान्यात फोन घेते.
कुठल्याही अर्जावर उपाधीचा रकाना आला
की पेन डॉ.पाशी जरा घुटमळतं,
मग मागे येऊन सौ.वर खूण करतं.

आमच्यात नावाआधी काय काय लागतं
ते बाईंना एकदा सांगितलं होतं.
आधी चि., मग श्री.,
आणि शेवटी, काही न करता, कै.
परीक्षक किती? बाईंनी विचारलं.
एकच, मी म्हटलं.

बाईंचे गुडघे. म्हणून यंदा रिंगणात मी.
टेबलावर पिंट,
आणि करड्या सुटातल्या परीक्षक बाईंची बोटं
तिच्या पाठीवरून गेली,
तांदूळ निवडावेत तशी.
दात. खांदा. बरगडी.
मी मनात एकेका हाडाचं नाव घेत होते,
लॅटिनमधून, न अडखळता.
कुणी विचारलं नाही.

मग जा म्हणाल्या, त्रिकोणात धावा.
पिंट धावली.
माझी चप्पल नव्हे, बूट होते तरी
पायाला गवत लागल्यासारखं झालं.
तेवढा वेळ तिला कुठलंच नाव नव्हतं.

तिकीट शेजारच्या काळ्या कुत्रीला गेलं.
पिंटला राखीव.
राखीव म्हणजे
पहिली पुढेमागे अपात्र ठरली, तर.
म्हणजे आरएसी, मी म्हटलं,
आणि आरएसी म्हणजे काय हे बाईंना समजावण्यात
हेरफर्ड आलं.

पुढे बराच वेळ वायपरच बोलत होते.
मग बाई म्हणाल्या, तुझी परीक्षा पुन्हा कधी असते?
जानेवारीत. अर्ज भरायचाय अजून.
भर, म्हणाल्या. पण बाथचा शो मेमध्ये आहे,
तेव्हा लगेच कुठे नोकरीबिकरी धरू नकोस.

मागे पिंट झोपेत धावत होती,
चारही पाय तिरके, नियमाबाहेर.

घरी पोचून चहासाठी दूध काढायला
मी फ्रिज उघडला.
थिसलमूर सायलेंट बेल आली.